कानाएवढा साक्षीदार

आमच्या शेलवाडीच्या देवळासमोर मोठं पटांगण आहे, ताटासारखं सपाट. पण त्याच्या बरोबर मधोमध मातीचा एक खांब उभा आहे. भोवती दगडांची गोल पाळ आणि वर गवताचा झुबका. लग्नाचा मांडवही आम्ही त्याला वळसा घालून उभारतो. पाहुणे हमखास विचारतात, "एवढ्या चांगल्या जागेत हा ढिगारा कशाला ठेवलाय?" मग कुणीतरी त्यांना पारावर बसवतं, चहा देतं आणि ही हकीकत सांगतं. मी सासूबाईंकडून ऐकली, तशीच सांगते.

फार पूर्वी गाव खाली नदीकाठी होतं म्हणे. एका पावसाळ्यात पुरानं सगळी घरं नेली. माणसं वाचली आणि या टेकडीच्या उतारावर छपरं घालून राहिली. पण उतारावर गाव कसं वसणार? पाटलांनी टेकडीपलीकडच्या माळावरून तिम्मप्पा वडाराला बोलावलं. तो मातीकामाचा मुकादम. या टेकडीत मुरूम कुठं, कातळ कुठं, पाणी कुठून वाहतं, सगळं त्याला ठाऊक होतं. बोली अशी ठरली, की टेकडी मधोमध जितके हात खोल उतरेल, तितक्या खंडी जोंधळा त्याला द्यायचा. पावसाळ्यात मातीकाम बंद असतं. ते चार महिने त्याच्या टोळीतल्या वीस माणसांना याच जोंधळ्यावर काढायचे होते.

खोदताना हे लोक मधे मूळ जमिनीचा एक खांब तसाच सोडतात. त्यावरचं गवतही काढत नाहीत. काम झाल्यावर खांबाची उंची मोजली, की किती खोल खोदलं ते कळतं. त्याला ते साक्षीदार म्हणतात. मोजणी झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो.

पाच महिने टोळी राबली. उंचावरची माती काढून सखल बाजूला भरली, चोपली. पाणी साचू नये म्हणून ओढ्याच्या बाजूला दिसणारही नाही इतका उतार दिला. काम संपलं, तेव्हा तिम्मप्पा म्हणाला, "देवीला नारळ फोडून येतो, मग मोजू." आणि टोळी चार दिवसांसाठी माळावर गेली.

इकडे बायकांना आनंद मावेना. वर्षभरानं पायाखाली सपाट जमीन आली होती. पाटलीण गोजराबाई म्हणाली, "त्या लोकांनी एवढं केलं, निदान हे राहिलेलं ढेकूळ तरी आपण काढू." झालं! बायकांनी कुदळी घेतल्या, खांब पाडला, माती पसरली, वरून शेणाचा सडा घातला, रांगोळी काढली.

पाचव्या दिवशी तिम्मप्पा आणि त्याची बायको दुर्गव्वा आले.

"बघा भाऊ, कसं लख्ख केलंय!" गोजराबाई कौतुकानं म्हणाली.

तिम्मप्पा रांगोळीकडे बघतच राहिला. "वैनी, आमचा साक्षीदार कुठं गेला?"

दुर्गव्वा पाटी पालथी घालून तिच्यावर मटकन बसली. हळूहळू सगळ्यांना उमगलं, काय होऊन बसलं ते. तेवढ्यात भैरू नावाचा एक तिरकस माणूस म्हणाला, "आता मोजायचं काय? अडीच हात धरा. जास्त कुठं असेल?"

गोजराबाईचा चेहरा उतरला, असं सांगतात. मग तिनं पदर खोचला. "भैरूभाऊजी, गप बसा. मी पाडलाय, मीच उभा करीन." भरावाच्या कडेची पाटीभर माती तिनं डोक्यावरून आणली आणि मधोमध ओतली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. घरटी एक पाटी पडली, दुसरी पडली. पुरुष पाणी शिंपून माती चोपू लागले. खांब कमरेएवढा झाला, छातीएवढा झाला. पण पुरे कोण म्हणणार? ज्यानं उभं राहायला जमीन दिली, त्याचं माप आपल्या तोंडानं तोडायचं कुणाच्या जिवावर येईना. शेवटी शिडी लावावी लागली.

खांब डोक्याच्या वर गेला, तेव्हा तिम्मप्पा खदाखदा हसायला लागला. "अहो पाटील, पुरे! एवढी उंच टेकडी असती, तर मी कामाला आलोच नसतो!"

तो खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि कानाशी बोट टेकवलं. "इथवर होता. उभा राहिलो की वरच्या गवताची कुसळं कानात जायची."

"आणि रोज काढायची कुणी? मीच!" दुर्गव्वा म्हणाली. तेव्हा कुठं सगळे मोकळेपणानं हसले.

"मग आधीच का नाही बोललास?" पाटलांनी विचारलं.

"आधी बोललो असतो, तर ते एकट्याचं बोलणं झालं असतं. आता सगळ्या गावाच्या पाट्या बोलल्या."

वरची जास्तीची माती उतरवायला शिडीवर कोण चढला असेल? भैरूच. न सांगता चढला म्हणे. मोजणी झाली. सव्वातीन हात भरले. सव्वातीन खंडी जोंधळा गाड्यांतून माळावर पोचता झाला. भैरूनं उतरवलेली माती घराघरांनी ओंजळ ओंजळ नेली आणि नव्या घरांच्या चुली त्या मातीनं घातल्या. खांब मात्र गावानं पाडू दिला नाही.

पावसानं तो दरवर्षी थोडा झिजतो, पण कानाच्या खाली कधी जात नाही. कारण गावात कुणाच्याही घराचं खोदकाम निघालं, की घरधनीण पहिल्या मातीची पाटी खांबावर टाकते, आणि खोदणारा पुरे म्हणेपर्यंत टाकतच राहते. गेल्या वर्षी आमच्या घराचा पाया खणायला त्याच माळावरचा अंकुश धोत्रे जेसीबी घेऊन आला. मशीन बंद करून, चप्पल काढून तो खांबापाशी उभा राहिला. माझी दुसरी पाटी पडली, तसा म्हणाला, "पुरे, काकू." मग वरची एक मूठ माती काढून त्यानं माझ्या ओंजळीत दिली.

आजही आमच्या गावात खोदणाऱ्याच्या आधी मापाची गोष्ट कुणी काढत नाही. आणि आजही त्या खांबाशेजारी उभं राहिलं, की गवताची कुसळं कानाला लागतात.