कल्हईला गेलेला हंडा

एका गावात एक हंडा होता. इतर गोष्टींत राजा असतो, या गोष्टीत हंडाच आहे, आणि त्याचा मान राजापेक्षा कमी नव्हता. तांब्याचा, चौघांनी मिळून उचलावा एवढा. देवळाच्या कोठीत पालथा ठेवलेला असे. कुणाकडे लग्न निघालं की हंडा त्या घरी जाई. रीत अशी, की परत आणताना तो रिकामा आणायचा नाही. त्यात शिजलेलं थोडं अन्न तळाशी ठेवायचं आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी देवळाच्या ओट्यावर बसून ते खायचं. मग ते लग्न गावाचं झालं.

गावाला हंड्याचा फार अभिमान. पाहुणा आला की पाटील सांगत, "आमच्यात भेदभाव नाही. एकच हंडा, सगळ्या गावाचा."

गावाच्या कडेला, मोठ्या कडुलिंबासमोर, एक टोपल्या विणणारी बाई राहत असे. तिथलं पहिलं खोपट तिच्या आजेसासऱ्यानं घातलं होतं. नवरा तिथंच जन्मला, तिथंच वारला. तरी गावाच्या तोंडी ती "बाहेरची"च. तिनं विणलेलं सूप घरोघर होतं. त्या सुपात पाखडलेले तांदूळ सगळ्यांना चालत. तेच तांदूळ तिनं शिजवले, की चालत नसत. कसं, ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

तिच्या थोरलीचं लग्न ठरलं. ती पाटलांच्या वाड्यावर गेली.

"पाटील, मार्गशीर्षात पोरीचं लग्न आहे. हंडा पाहिजे."

पाटील विचारात पडले. हंडा द्यायचा म्हणजे पुढं ओट्यावर बसून तिच्या हातचं खायचं. पण 'नाही' म्हणावं तर भेदभाव दिसतो. अशा गावांत नाही कुणी म्हणतच नाही, तीच तर हुशारी.

"दिला असता गं. पण तो बाजारगावी कल्हईला गेलाय."

"माझ्या सासूनं मागितला, तेव्हापण कल्हईलाच गेला होता."

"तांब्याचं भांडं आहे. कल्हई लागतेच."

ती परत आली. कुंभाराकडून मोठी मडकी आणली आणि आळीपाळीनं भात शिजवत बसली. शेवटची पंगत दिवेलागणीनंतर उठली. नवऱ्या मुलाची आत्या पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही गावात राहता, की गावाशेजारी?" थोरलीला सासरी हे अजून ऐकावं लागतं.

माघात दरवर्षीचा कल्हईवाला आला. कडुलिंबाखाली त्यानं भट्टी मांडली आणि घरोघरची पातेली त्याच्यासमोर येऊन बसली. कोठीतल्या हंड्याची कल्हई खरोखरच उडाली होती, आतून तांबं लालभडक दिसत होतं. पाटलीणबाई म्हणाल्या, "वैशाखात आपल्या लेकीचं लग्न आहे. हंडा पाठवून द्या."

"ती बाई भट्टीसमोरच बसलेली असते," पाटील म्हणाले. "आत्ताच कल्हई होऊन आलेला हंडा परत कशाला आणला म्हणेल. चारचौघांत म्हणेल."

आता ही काही चोरी नव्हती. कोठीत हंडा आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. फक्त कुणी मोठ्यानं म्हणालेलं नव्हतं. तेवढ्यासाठी हंडा तसाच राहिला.

वैशाखात पाटलांच्या दारी मांडव पडला. हंडा चुलाणावर चढला, त्यात चिंचगुळाची आमटी उकळली. अक्षता पडल्या, वऱ्हाड पानांवर बसलं, आणि पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आमटीवर हिरवट तवंग आला होता. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट आमटी कळकली होती.

आमटी पुन्हा करायची तर एवढं मोठं भांडं दुसरं कुणाकडं होतं? पाटलांचा गडी धावत कडुलिंबाकडं गेला.

"बाई, तुझी ती मोठी मडकी दे. पाटलांनी मागितलीत."

ती बांबूच्या कांबी काढत होती. मडकी तिच्या मागंच पालथी होती.

"मडकी कल्हईला गेलीत," ती म्हणाली.

"मातीच्या मडक्याला कुठं कल्हई करतात?"

"कोठीत पालथ्या पडलेल्या हंड्याला करतात, तशीच."

गडी गेला आणि पाटील स्वतः आले. मागोमाग अर्धा गाव आला.

"ही वेळ आहे का मस्करीची? वऱ्हाड उपाशी बसलंय. पोरीचा प्रश्न आहे."

"माझीपण पोरच होती, पाटील. मडकी न्या की. पण गावाची रीत आहे ना, भांडं गेलं-आलं की त्या घरचं अन्न वडीलधाऱ्यांनी बसून खायचं. भाकरी आहे, पिठलं आहे. इथं बसून चार घास खा, आणि उचला मडकी."

पाटलांनी भाकरीकडं पाहिलं. ज्वारी त्यांच्याच शेतातली, टोपल्यांच्या बदल्यात दिलेली. त्यांनी मागं वळून पाहिलं. मागचे एकमेकांकडं पाहत होते. एक जण बसला असता तर सगळे बसले असते, आणि तो एक कोण, याचीच सगळे वाट बघत होते.

"विचार करून सांगतो," पाटील म्हणाले.

"करा. मडकी कुठं जात नाहीत."

इकडं विचार चालू होता, तिकडं मांडवापुढं गाड्या जुंपल्या. वऱ्हाड नवरीला घेऊन उपाशी निघून गेलं.

पाटलांच्या लेकीला सासरी जो तो विचारू लागला, "तुमच्या गावात माणसं राहतात, की नुसता हंडाच राहतो?" आता तिलाही थोरलीसारखंच ऐकावं लागे.

संक्रांतीला पाटलांची लेक माहेरी आली आणि महिनाभर राहिली. माघात कल्हईवाल्यानं भट्टी पेटवली, तशी तिनं तीन मैत्रिणी घेतल्या, कोठी उघडली आणि हंडा भर दुपारी रस्त्यानं न्यायला काढला. पाटील ओट्यावर होते.

"अगं, ती समोरच बसलीय."

"म्हणूनच नेतेय, आबा."

कल्हईवाल्यानं हंडा पाहिला आणि भाता थांबवला. "केवढा हा. कुणाचा?"

मुलीनं पलीकडं बसलेल्या टोपलीवालीकडं पाहिलं.

टोपलीवालीनं हातातला कोयता खाली ठेवला.

"गावाचा," ती म्हणाली. "नीट कर. फाल्गुनात माझ्या धाकटीचं लग्न आहे."

तात्पर्य: जे सगळ्यांचं म्हणून मिरवलं जातं, ते कुणाच्या दारी कधीच गेलं नाही ते आधी बघावं, मग अभिमान धरावा.