दगड आणि डुबुक

"पण गुरुजी, यात कमी काय आहे ते तरी सांगा."

तांबोळी गुरुजींनी मोबाईल परत केला. व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

अंकुशला ते लागलं. पुण्याच्या वृत्तवाहिनीत काय ठेवायचं, काय कापायचं, यात त्याचा शब्द शेवटचा. सुट्टीवर आला, तर शाळेतल्या सातवीच्या पोरींनी गावच्या विहिरीवर विज्ञानाचा व्हिडिओ केलेला. तो त्यानं एका बैठकीत चकाचक करून दिला. चौथीत असल्यापासून या म्हाताऱ्याची एक शाबासकी त्याला हवी होती. ती अजून यायची होती.

"अकरा मिनिटांचा होता, तीनवर आणला," तो म्हणाला. "बासरी घातली. उद्या पंचायत समितीत लागणार. टँकर द्यायचा की नाही, ते हा बघून ठरणार. साहेब लोक अकरा मिनिटं बसत नसतात, गुरुजी."

"काय काढलंस?"

"मोकळी जागा. दर सणाला सारिका विहिरीत दगड सोडते. पुढं नुसता अंधार आणि पोरींची बडबड. काही घडतच नाही. ते उडवलं. दगड सुटला की लगेच डुबुक."

"हं..."

"रामनवमीचा आवाज तर भिकार होता. खट्ट यायचा. तिथं दिवाळीचाच डुबुक टाकला. कळतंय का कुणाला?"

गुरुजींनी टोपी डोक्यावर ठेवली, वहाणा पायात सरकवल्या आणि चालू लागले. अंकुश मागोमाग विहिरीपर्यंत गेला.

काठावरचा एक दगड उचलून त्यांनी अंकुशच्या हातावर ठेवला.

"टाक."

चौथीचा विज्ञानाचा तास इथंच व्हायचा. फळा नाही, खडू नाही. एकानं दगड सोडायचा, बाकीच्यांनी मोजायचं. सुरुवात करून द्यायचा मान अंकुशचा, कारण त्याचा आवाज वेशीपर्यंत जायचा. "तीन" म्हणायला आणि पाण्यानं ओ द्यायला एकच गाठ पडायची. कपारीतले पारवे भर्रकन उडायचे. शेवाळाचा गार वास तोंडावर यायचा. भर उन्हाळ्यातही तीनच. कचेरीच्या वहीत तेव्हा कुणीतरी लिहिलं, विहीर बारमाही. वहीत ती आजही बारमाहीच आहे. वही लिहिणाऱ्याचे पाय इथवर कधी लागले नाहीत.

अंकुशनं दगड सोडला. आकडे आपोआप ओठांवर आले, जुन्याच चालीत.

"एक, दोन, तीन."

सवयीनं तो थांबला. खाली काही नाही...

मग खूप खोलवरून, दगडावर दगड आपटल्यासारखं, खट्ट.

"परत," गुरुजी म्हणाले. "आता थांबू नको."

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

खट्ट.

एकही पारवा उडाला नाही.

"पोरी काय बडबडत होत्या रे?"

कापताना ऐकलेलं अंकुशला आठवत होतं. दिवाळीला चार. संक्रांतीला पाच. रामनवमीला सहा.

"लाव तुझा व्हिडिओ."

त्यानं लावला. सारिकाचा हात, दगड, डुबुक. दिवाळी, डुबुक. संक्रांत, डुबुक. रामनवमी, डुबुक. तीनच्याही आत. त्याच्या लहानपणी होती त्याहून भरलेली विहीर. क्षणभर त्याचे कान पारव्यांकडे लागले... मग त्यानं बासरी बंद केली आणि काठावर बसला.

"उद्या साहेब हेच बघतील," तो हळूच म्हणाला.

"आणि वहीत हेच आहे."

पलीकडून सारिका आली. डोक्यावर रिकामी घागर, खांद्यावर दोराचं वेटोळं. दोराला दोन नव्या गाठी होत्या, तळाला झिरपलेलं थोडं पाणी गाठायला पुढं जोडत नेलेल्या.

"अंकुशदादा, झाला का आमचा व्हिडिओ?"

अंकुशनं मोबाईल खिशात लपवला.

"झाला की," गुरुजी म्हणाले. "दादानं विहीर भरून दिली. सोड घागर."