दादाची कडी

“आणि तो आला तर? आला, आणि त्याच्या कडीवर दुसऱ्याच कुणाचा हात दिसला तर?”

मी बाबालाल वस्तादांना विचारलं.

वस्ताद तालमीच्या पायरीवर बसले होते. खालच्या चार पायऱ्या पाण्यात होत्या. ते पाण्याकडे बघत राहिले...

पुराचा पाचवा दिवस. समोर ऊस नव्हता, रस्ता नव्हता, नुसतं गढूळ पाणी. आणि पायरीला दोरानं बांधलेली आमची काहील.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. दहा माणसं आत बसतात. काठाला समोरासमोर दोन कड्या असतात. एक कडी धरून एकानं पोहायचं, दुसरी धरून दुसऱ्यानं. आमच्याकडे पूर आला की काहील अशीच पाण्यात उतरते.

एक कडी दादाची, माझ्या थोरल्या भावाची, जोतीरामदादाची. दुसरी माझी.

दोन दिवसांत आम्ही खालच्या वस्तीतली एकसष्ट माणसं काढली. शेवटच्या खेपेला नऊ होती. नऊही जणं पायरीवर उतरली. त्यांना हात द्यायला सगळे धावले. मग सगळ्यांनी वळून बघितलं, तेव्हा दादाची कडी रिकामी होती.

तीन दिवस झाले. सापडला नाही.

त्याचा पंचा तालमीतल्या खुंटीवर राहिला होता. तो मी त्याच्या कडीला बांधला. पाऊस लागू नये म्हणून वर खताचं रिकामं पोतं आवळून बांधलं. पंच्याला अजून त्याचा वास होता. आखाड्यातल्या तांबड्या मातीचा, तेलाचा, घामाचा. कोरडा राहिला तर वास राहील, असं मला वाटायचं.

वस्तीतल्या शाळेच्या गच्चीवर चौदा माणसं अजून अडकलेली होती. आधी ती माणसं जनावरं सोडून यायला तयार नव्हती. आता यायला तयार होती, तर आणायला कुणी नव्हतं. सरकारी बोट वरच्या गावांकडे गुंतली होती. दोन दिवस त्या चौदा जणांच्या पोटात काही नव्हतं.

माळावरच्या गावांनी टेम्पो भरून भाकरी पाठवल्या होत्या. तिकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. त्या गावांतल्या घराघरातून आलेल्या भाकरी, फडक्यात बांधलेल्या, सोबत लसणाची चटणी. गठुडी कालपासून तालमीत रचून पडली होती.

कारण मी काहील कुणाला सोडू देत नव्हतो.

शेजारच्या गल्लीतला एकजण पोत्याकडे बघून म्हणाला, “कडीला इरलं घातलंस व्हय रं केरबा? सर्दी हुईल म्हणून?” मी काठी घेऊन त्याच्या अंगावर गेलो. त्यानंतर कुणी जवळ आलं नाही. शेवटी वस्तादांना बोलावलं. सहावीत शाळा सोडून मी त्यांच्या आखाड्यात उतरलो होतो. त्यांच्यापुढं मी काठी उचलणार नाही, हे गावाला माहीत होतं.

“बोला की, वस्ताद. आला तर काय सांगू त्याला?”

“येईल म्हणतोस?”

“पोहणारा माणूस हाय. कुठंतरी झाडाला धरून असंल...”

“हं.”

“त्याच्या कडीला कुणी हात लावायचा न्हाई.”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

“बरं,” ते म्हणाले. “न्हाई लावणार कुणी.”

मी भांडायच्या तयारीनं उभा होतो. आता भांडायला कुणी राहिलं नाही.

“भाकरी भर. तुझी कडी तू धर. त्याची त्याला राहू दे. जा घेऊन.”

“वस्ताद, एकट्यानं कसं...” मागून कुणीतरी म्हणालं. वस्तादांनी नुसता हात वर केला.

मी गठुडी काहिलीत टाकली आणि पाण्यात उडी घेतली.

वीस हात गेलो असेन. काहील फिरली. मी जोर लावला, तर ती आणखी जोरात फिरली. शाळा डोळ्यांपुढून गेली, तालीम गेली, पुन्हा शाळा आली. गच्चीवर कुणीतरी लाल लुगडं हलवत होतं. प्रत्येक फेऱ्याला ते मला दिसायचं आणि जायचं. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. जात्याच्या वरच्या पाळीसारखी काहील फिरत होती आणि हळूहळू ओढ्याच्या धारेकडे सरकत होती.

मग झटका बसला. दोराचं दुसरं टोक वस्तादांनी सोडलंच नव्हतं.

त्यांनी आणि चौघांनी मिळून मला ओढून घेतलं. मी पायरीवर पडून पाणी ओकलो.

“काय झालं?” वस्तादांनी विचारलं.

“फिरली.”

“आणि त्या दिवशी? आत नऊ माणसं. कडीला एकटा जोतीराम. त्याची का न्हाई फिरली?”

मी उठून बसलो.

“तो एकटा होता, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पाहिजे? काहील पायरीला लागली आणि तू देवळाकडनं चालत आलास. काखेत करडू घेऊन.”

करडू तालमीच्या खांबाला बांधलेलं होतं. ते नेमकं तेव्हाच ओरडलं.

“कडी निसटली न्हाई वस्ताद,” मी म्हणालो. “मी सोडली. करडू वाहत चाललं होतं. ओरडत होतं. दादा म्हणाला, केरबा, सोडू नको. मी सोडली.”

आईलाही मी कडी निसटली असंच सांगितलं होतं.

वस्तादांची थप्पड पंचक्रोशीत प्रसिद्ध. मी गाल पुढं करून थांबलो. त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं...

“मग कशी आणली त्यानं?” मी विचारलं. “एकट्यानं, सरळ? तीन दिवस हेच डोक्यात घुमतंय. सांगा की!”

“मला काय ठाऊक? मी कुठं होतो काहिलीत?”

“मग कोण सांगणार?”

त्यांनी तालमीच्या दाराकडे बोट केलं.

आत ती नऊ माणसं होती. तीन दिवस आमच्याच तालमीत राहत होती आणि मी एकाचंही तोंड बघितलं नव्हतं. पाणी प्यायला कुणी बाहेर आलं की मी पाठ फिरवायचो. ती जिवंत होती. त्यांचं एवढंच मला सहन होत नव्हतं.

“जा. विचार.”

“मी न्हाई विचारणार.”

“मग राहू दे.”

ते पुन्हा पायरीवर बसले. लाल लुगडं अजून हलत होतं. मघापेक्षा सावकाश.

...मी आत गेलो.

सुंदराक्का भिंतीला टेकून बसली होती. करडू तिचंच. तिच्या मांडीवर पितळी परात पालथी होती. बाजूला तिचा लेक महादू खाली मान घालून बसला होता.

“आक्का, दादानं काहील कशी आणली?”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

“तीन दीस वाट बघत्ये रं, कवा इचारतोस म्हणून.”

मी तिच्यापुढं खाली बसलो.

“तू करडामागं गेलास, आन् ती लागली की गरागरा फिराया. आमी समदी बोंबलतोय. जोतीराम वराडला, बोंबलू नगा, हात घाला पाण्यात! केरबा हुता त्या अंगाला सरका आन् पाणी वढा. पोरींनी ताटल्या घातल्या. ह्या म्हाद्यानं हात. माज्यापाशी ही परात, पिठानं भरल्याली. म्हणला, आक्का, पीठ सांडा. म्या न्हाई म्हणलं.”

“न्हाई म्हणालात?”

“घरातनं तेवढंच तर उचललं हुतं रं. म्या छातीशी धरून बसल्ये. तवा हसला बघ. म्हणला, पीठ आमच्या घरनं देतो आक्का, आता सांडा की!”

“हसला?”

“हसला की. दात दिसलं.”

तीन दिवस मला त्याचा चेहरा आठवत नव्हता. फक्त ओरडणारं तोंड आठवायचं. केरबा, सोडू नको. आता एकदम दात दिसले. पुढचा एक किंचित तुटलेला होता. तो माझ्याच डोक्यानं तुटला होता, कुस्ती खेळताना.

“माझं काही म्हणाला?”

सुंदराक्कानं परातीवरून हात फिरवला.

“त्याला मागं वळून बगता येत नव्हतं. कडी धरल्याली ना. मला इचारत हुता, आक्का, बगा की, घावलं का त्याला करडू? म्या म्हणलं, घावलं. म्हणला, बरं झालं.”

मी उठलो.

बाहेर आलो तेव्हा वस्ताद तसेच बसले होते.

“दादाची कडी मी धरतो,” मी म्हणालो.

“आणि तुझी?”

मागं पाऊल वाजलं. महादू उंबऱ्यात उभा राहून सदरा काढत होता. त्यानंही तीन दिवसांत माझ्याकडे बघितलं नव्हतं.

“मी धरतो,” तो म्हणाला. “चालंल का?”

मी मान हलवली.

तेवढ्यात सुंदराक्का लुगडं खोचून खाली उतरली. परात काखेत.

“आक्का, तुम्ही कशाला?”

“सरक. मला येतंय आता.”

“अहो, पण...”

“गच्चीवरल्या त्या चौदा जणास्नी कोण शिकीवणार? तू? मघाशी बगितलं की तुजं वल्हवणं!”

पाच दिवसांत तालमीच्या पायरीवर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. ती काहिलीत जाऊन बसली, भाकरीची गठुडी सारखी केली आणि परात पाण्यात घालून बघितली.

मी दादाच्या कडीशी उतरलो. पाण्याचा सगळा रेटा त्या अंगाला होता. छातीवर कुणी पोती फेकावीत तसा. दोन दिवसांत त्यानं मला एकदाही या बाजूला येऊ दिलं नव्हतं. मला वाटायचं, मोठा म्हणून मिजास करतो.

पोतं सोडलं. पंचा कोरडा होता. मी त्याला नाक लावलं. वास होता, पण थोडाच...

काहिलीत माणसं बसली की कडी पाण्याला टेकते. मी पंच्याची गाठ सोडायला लागलो.

वस्तादांनी हातातला दोर गुंडाळला आणि या खेपेला तो काहिलीत टाकून दिला. आता मागं ओढणारं कुणी नव्हतं.

“वस्ताद, पंचा तुमच्यापाशी ठेवता? कोरडा राहू दे. तो आला की त्याला...”



वस्ताद पाण्यात दोन पायऱ्या उतरले. मी सोडत आणलेली गाठ त्यांनी पुन्हा आवळली.

“भिजू दे,” ते म्हणाले.