येसूच्या मळ्यातली अक्षरं

या, बांधावरून या. वाफ्यात तेवढा पाय पडू देऊ नका, अक्षरं मोडतील.

हो, अक्षरंच आहेत ती. तुम्हाला वरून नुसती मेथी दिसते, पण इथं उभं राहून पाहा. तो पलीकडचा 'त', हा वाकडा 'ग', आणि ज्याचा काना लांबच लांब पळालाय तो 'आ'. आमच्या गावातलं मूल पहिलं अक्षर पाटीवर गिरवत नाही, इथल्या मातीत बोटानं काढतं. मग त्या रेघेत मेथी पेरायची, आणि अक्षर उगवून आलं की पोराला शाळेत घालायचं. या जागेला येसूचा मळा म्हणतात. ती कोण होती ते सांगतो. माझ्या चुलत्यांनी मला जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

फार पूर्वी इथं बयाजी नावाचा माळी राहायचा. बायको लवकर गेली, मागे एकच लेक, येसू. तेव्हा इथं मोठी बाग होती म्हणे. चाफा, तगर, अनंत, बांधाला अडुळसा, आणि विहिरीच्या अंगाला येसूच्या आईनं लावलेली जाई. बयाजीनं मोट धरली की येसू पाटातून पाण्याच्या पुढं पळायची. पाणी पायाला लागायच्या आत शेवटचा वाफा गाठायचा, हा तिचा खेळ. अडुळशाची फुलं चोखून मध खायची, दुपारी जाईच्या मांडवाखाली निजायची. बागेत एक म्हातारा गोसावी उतरायचा. त्यानं तिला मातीत बोट धरून अक्षरं शिकवली. त्या काळी माळ्याच्या पोरीला अक्षर येणं ही नवलाचीच गोष्ट होती.

पुढं येसूचं लग्न झालं. नवरा डोंगरापलीकडच्या गढीवर घोड्यांच्या पागेत कामाला होता. तिथं सगळा उघडा माळ. झाड म्हणाल तर दारात एक निंब. येसूचा जीव रमेना. गढीच्या मालकीणबाईंना, त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत, कळलं की या पोरीला लिहिता येतं. त्यांनी कागद दिला, बोरू दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या माहेरच्या बागेचं लिही. आम्हाला वाचून दाखव."

येसूनं लिहायला घेतलं आणि तिला जणू माहेर सापडलं. कुठल्या फांदीला आधी कळी धरते, पाटाचं पाणी वळताना कसा आवाज करतं, पहाटेच्या जाईला कसा वास असतो, सगळं ती लिहायची. संध्याकाळी गढीवरच्या बायका जमायच्या आणि येसू वाचायची. एखादी म्हणायची, "अगं, मला वास आला बघ!" येसूला त्या वेळी काय वाटत असेल! हात शाईनं काळे, आणि तोंडावर हसू मावायचं नाही, असं सांगतात.

एका संध्याकाळी बाईसाहेबांनी विचारलं, "येसू, ही झाडं काढून इथं आणली तर जगतील का गं?"

आणि येसूनं सांगितलं. आपल्याला विचारलं याचाच तिला एवढा आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही. पाऊस लागला की काढावीत, मुळाशी मातीचा गड्डा ठेवावा, केळीच्या खोडाच्या ओल्या सालीत, सोपटात, गुंडाळून बांधावं, म्हणजे मूळ दुखावत नाही. बापाकडून शिकलेलं सगळं तिनं हौसेनं सांगून टाकलं. बाईसाहेबांनी मान डोलावली. येसू घरी आली आणि सुखानं झोपली.

पाऊस लागला तशी गढीची माणसं गाड्या घेऊन इथं आली. बयाजी आडवा आला. तेव्हा मुकादम म्हणाला, "आम्हाला कशाला अडवता? कसं काढायचं ते तुमच्या लेकीनंच सांगितलंय."

बयाजी बाजूला झाला. मग त्यानं एकाच्या हातातली कुदळ घेतली. "तुम्हाला जमायचं नाही. मुळं तोडाल," म्हणाला, आणि आपल्या हातानं आपली बाग खणून दिली. जाईसुद्धा.

गाड्या गढीवर आल्या तेव्हा येसू पाहायला धावली. एकेक झाड केळीच्या सोपटात नीट बांधलेलं. गाठ पाहिली आणि ती जागीच बसली. तशी दुहेरी गाठ एकच माणूस मारायचा.

झाडं जगवायला तिनं जिवाचं रान केलं. पण मुरमाड जमीन, खारं पाणी. आधी अनंत गेला, मग चाफा. फाल्गुनापर्यंत जाईचीही काडी झाली. बाईसाहेब म्हणाल्या, "जाऊ दे, आपली जमीनच वाईट." त्यांच्यासाठी तिथं संपलं. येसूनं बोरू मोडून टाकला. पुन्हा कागदाला हात लावायचा नाही अशी आण घेतली, आणि नवऱ्याला सांगून बापाकडे आली.

बयाजी ओसाड वाफ्यांच्या कडेला बसला होता. लेकीला पाहून त्यानं एकच विचारलं, "जाई लागली का गं?"

"लागली, आबा," येसू म्हणाली. "फुलावर आलीय."

"मग झालं," बयाजी म्हणाला, आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

येसू तिथं राहिली. बाप रोज जाईचं विचारायचा, आणि ती रोज थोडं खोटं सांगायची. एक दिवस तो म्हणाला, "कुठं काय होतं ते मला आता आठवेना झालंय. तू लिहून ठेव."

"मी कागदाला हात लावत नाही, आबा."

"मग मातीत लिही. मातीत तर शिकलीस."

येसू वाफ्यात उतरली. जिथं जे झाड होतं तिथं त्याचं नाव बोटानं काढू लागली. तगर, अनंत, चाफा. विहिरीपाशी आली, 'जाई' काढलं, आणि तिला पुढं सरकता येईना. "आबा, जाई मेली," ती म्हणाली. "सगळंच मेलं. मी खोटं बोलले. आणि नेलं तेही माझ्यामुळंच."

बयाजी उठून गेला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. येसूला वाटलं, आता हा आपल्याशी जन्मात बोलणार नाही.

सकाळी ती बाहेर आली तर बाप वाफ्यात उकिडवा बसून तिच्या अक्षरांत मेथी पेरत होता.

"काय करताय, आबा?"

"वाऱ्यानं पुसून जातील," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही. पण उगवलेलं कळतं."

आठवड्यात सगळी नावं हिरवी होऊन वर आली. काही जण सांगतात, 'जाई' लिहिलं होतं तिथं राहिलेल्या मुळातून खरी जाई फुटली. माझे चुलते म्हणायचे, काही फुटली नाही, लोकांना आपलं वाटतं. मला विचाराल तर मी चुलत्यांच्या बाजूचा आहे. पण येसू पुन्हा लिहायला लागली एवढं खरं. बाप सांगायचा आणि ती लिहायची, वाफ्यामागून वाफे. गावची पोरं उगवलेली नावं वाचायला यायची आणि तिच्याकडून शिकून जायची.

मेथी काढायला आली तेव्हा येसूनं पहिली जुडी खुडली आणि बापापुढं धरली. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ओठ हलले, शब्द काही आला नाही. बयाजीनं जुडी घेतली, चुलीपाशी जाऊन बसला आणि निवडायला लागला.

तेव्हापासून इथं जो रिवाज पडला तो आजही चालू आहे. मार्गशीर्षात अक्षरं खुडली की वर्षभरात ज्यानं कुणाचं वाईट केलं असेल तो एक जुडी घेऊन त्याच्या दाराशी जातो. बोलायचं काही नाही. दार उघडणाऱ्यानं भाजी घ्यायची आणि त्याच दिवशी करायची. त्या संध्याकाळी या गावातून फिरलात तर घराघरातून मेथीचाच वास येईल. सख्खे भाऊ एकमेकांच्या दाराशी जाताना मी पाहिलेत, आणि दार न उघडलेलंही पाहिलंय.

आणि ज्याच्याकडे जायचं ते माणूसच आता राहिलेलं नसलं, तर वाईट करणारा जुडी घेऊन इथं या बांधावर येतो. कच्चीच खातो, कडू लागली तरी सगळी. बयाजी गेल्यावर येसू दरवर्षी अशीच बसायची म्हणतात. आजही कुणी बसलेलं दिसलं तर आम्ही वाट बदलतो. त्याला कुणी काही विचारत नाही.