अस्वलाच्या मापाचा वाफा

एका जंगलाच्या कडेला, करवंदीच्या जाळीमागे एक सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. भारी घाबरट हो! पान सळसळले तरी तिच्या छातीत धस्स व्हायचे. कोवळा पाला मिळे तो ओढ्यापलीकडच्या माळावर, आणि तिथे एक कोल्हा टपून बसलेला. रोज पिल्लांना तिकडे न्यायचे, ते जीव मुठीत धरूनच. शेवटी तिने ठरवले, भाजी घरामागच्या परसातच लावायची. पण परस सखल, पाणी साचून मुळे कुजत. म्हणून जमिनीपेक्षा वीतभर उंच असा गादीवाफा करायचा बेत तिने केला.

शेजारी एक अस्वल होते. ते स्वतःला मोठे जाणकार समजे. सशिणीने विचारले, "भाऊजी, वाफा केवढा रुंद करू?" अस्वलाने आपले दोन्ही हात ऐसपैस पसरले. "हा एवढा! वहिनी, करायचाच तर दणदणीत करा." बिचाऱ्या सशिणीला ते पटले. तिने त्याच मापाने दगड रचले, आत पालापाचोळा, शेण आणि ओढ्याचा गाळ भरला, मेथी पेरली, मुळा लावला. पिल्ले मदतीला धावली, तर म्हणाली, "लांब व्हा बघू! बोट चिरेल, सर्दी होईल!"

रोपे छान तरारली. पण मधोमध गवत माजले, मुळ्यावर अळ्या पडल्या, आणि सशिणीचा हात तिथवर पोचेना. अस्वल तर मध शोधायला दूर गेलेले! मग तीच वाफ्यावर चढली. तिच्या पायांखाली भुसभुशीत माती दबून घट्ट झाली, वर पाणी साचले आणि मुळा पिवळा पडला. "झालं! आता पुन्हा माळावर जायचं," असे म्हणून ती मटकन खाली बसली.

तिचे शेंडेफळ मात्र काठावर ओणवे होऊन गवत उपटत होते. ते म्हणाले, "आई, माझा हात इथवरच पोचतो बघ. समोरून ताईचाही इथवर पोचतो. मग वाफा एवढाच कर ना! त्या काकांना कुठे आपली भाजी खायचीय?"

सशीण चमकली आणि एकदम हसत सुटली. "आण रे बाळा तुझा हात!" त्या चिमुकल्या हातानेच तिने माप घेतले. एका थोरल्या वाफ्याचे दोन अरुंद वाफे झाले, मध्ये चालायला वाट. या खेपेला पिल्लांना कुणी लांब केले नाही. एक अळ्या वेची, दुसरे गवत उपटी, तिसरे झाडांपेक्षा स्वतःच्याच अंगावर जास्त पाणी ओती. महिनाभरात दोन्ही वाफे हिरवेगार झाले.

अस्वल परतले आणि खो खो हसले. "वहिनी, हा वाफा की बसायचा पाट?"

"काका, बसू नका हं त्यावर!" शेंडेफळ ओरडले. "आमचं ताट आहे ते!"

ओढ्यापलीकडे कोल्हा वाट पाहून पाहून जांभया देत होता, आणि इकडे चौघे मायलेकरे काठावर बसून कचाकच मुळे खात होती.

तात्पर्य : सल्ला जाणत्याला विचारावा, पण माप वापरणाऱ्याचेच घ्यावे. जे धाकट्याच्या हाताला पुरते, ते साऱ्या घराला पुरते.