जुन्या घरट्यावरची हिरवी पात

आफ्रिकेतल्या एका रुंद, गढूळ नदीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि त्या बाभळीवर विणकर पक्ष्यांची वस्ती होती. हे पिवळेधमक पक्षी म्हणजे आपल्या सुगरणीचे लांबचे भाऊबंद. आपण सुगरण म्हणून सगळं कौतुक मादीच्या पदरात टाकतो, पण घरटं विणतो तो नर. मादी येते, चोचीने ओढून बघते आणि पसंत पडलं तरच राहते. नाही पडलं, तर नराने घरटं उसवायचं आणि पहिल्या गाठीपासून पुन्हा सुरुवात करायची, अशी तिथली रीत.

त्या वस्तीत एक तरणा विणकर होता. भारी उतावळा, एका जागी बसेल तर शपथ! त्याने आठ दिवस खपून घरटं विणलं आणि त्याला उलटा लटकून, पंख फडफडवून माद्यांना बोलावू लागला. माद्या आल्या, बघून गेल्या. शेजाऱ्यांची घरटी भरली, याचं रिकामंच राहिलं. बघता बघता हिरवी पाती वाळून तपकिरी झाली.

"उसव आता," शेजारच्या फांदीवरचा म्हातारा विणकर म्हणाला. "वाळलेली पात मोडते रे. पिल्लांचं वजन नाही पेलायची."

"आजोबा, आठ दिवस घातलेत मी यात! पुन्हा विणेपर्यंत एक मादी उरायची नाही."

"तुझ्या जिवावर येतंय, हे खरं कारण," म्हातारा म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

तरण्याने घरटं उसवलं नाही. काठावरच्या लव्हाळ्याची ताजी पाती सोलून आणली आणि जुन्या घरट्यावरच भराभर विणली. दुपारपर्यंत घरटं वरून हिरवंगार झालं.

संध्याकाळच्या आत एक मादी आली.

"ओढून बघू?"

"बघ की, खुशाल बघ!"

तिने ओढलं. वरची पात नवी होती, ती कशाला तुटते? "बरं विणलंयस," ती म्हणाली आणि आत शिरली.

आता त्याने आनंदाने गायला हवं होतं. पण खरी तगमग तिथूनच सुरू झाली. वारा सुटला की हा धावत फांदीशी. इथे एक गाठ घाल, तिथे दुसरी घाल. चोचीसमोरून टोळ उडून जायचा, याचं लक्ष नसायचं. खाली पाण्यात मगरीचे दोन डोळे दिसले की हा सगळ्या गाठी पुन्हा चाचपून बघायचा.

"सारखा काय रे येरझाऱ्या घालतोस?" मादी म्हणाली. "घर तर झालंय."

"वारा आहे ना, म्हणून."

"वारा काय, रोजच असतो."

तिसऱ्या दिवशी तिने मऊ पिसं आणून आत अंथरली. "उद्या अंडी घालीन म्हणते," ती आतूनच म्हणाली. तेवढ्यात घरट्यात कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. तिला तो कळला नाही. याला कळला.

"नको घालूस!" तो एकदम बोलून गेला. "आत सगळं जुनं आहे. वरची पात तेवढी नवी."

मादी बाहेर आली. ती उडून लांबच्या फांदीवर जाऊन बसली. तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने वरची गाठ चोचीत धरली आणि ओढली. दुसऱ्या ओढीलाच अख्खं घरटं नदीत पडलं. मगर वर आली, त्याला तोंड लावून बघितलं आणि काही नाही म्हणून निघून गेली. हा फांदीवरून खाली पाण्याकडे बघत राहिला. उद्या त्यात अंडी असती.

मग त्याने पहिली गाठ मारली. पाच दिवस तो ना लटकला, ना ओरडला, नुसता विणत राहिला.

सहाव्या दिवशी तीच मादी आली. दुसरी घरटी नव्हती असं नाही, तरी ती इथेच आली. तिने छत ओढलं, भिंत ओढली, दार ओढलं, फांदी वाकेपर्यंत पुन्हा ओढलं.

"तोडतेय की काय!" शेजारी हसले.

तरणा विणकर बाजूला बसून आपली पिसं साफ करत होता. वस्तीने त्याला एका जागी बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"उद्या पिसं आणते," मादी म्हणाली.

तात्पर्य एवढंच: खोट झाकून ठेवली की साधी झुळूकही जीव घाबरा करते, तीच खोट आपण होऊन उसवली, की कुणी कितीही ओढून बघितलं तरी निवांत बसता येतं.