नदीत बुडवलेली पेंड

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव सोमिल. एक घाणा, एक बैल आणि अंगणात चुन्याची रेघ ओढलेला एक रांजण, एवढाच त्यांचा पसारा. शेजारी उत्तिय नावाचा तरुण तेली राहत असे. ही गोष्ट त्याच्या भयाची आहे.

राजाचा नियम साधा होता. घाण्यातून निघालेल्या तेलाचा दहावा हिस्सा राजाचा. मोसम संपला की शुल्काध्यक्ष, म्हणजे राजाचा करवसुली अधिकारी, घरोघर येई, आणि तो तेल्याच्या तोंडावर नव्हे, पेंडीच्या ढिगावर विश्वास ठेवी. तेल विकले जाते, लपवलेही जाते. पण तीळ गाळून मागे पेंड किती उरली त्यावरून तेल किती निघाले ते कळते. म्हणून त्याने मोजेपर्यंत पेंड विकायची नाही, असा दंडक होता. ज्याचा हिस्सा कमी भरे त्याचा घाणा आणि बैल जप्त होई.

सोमिल तेल गाळले की आधी राजाचे माप रेघेच्या रांजणात ओतीत, मग आपले घरच्या मडक्यात. पेंडही ते महिन्यामहिन्याची वेगळी रचून ठेवीत. उत्तियाला याचे हसू येई. "दादा, राजा काय तुमच्या रांजणात डोकावायला येतोय? शेवटी एकदम देऊन टाकायचं," तो म्हणे. त्याचा सगळा कारभार एकाच रांजणात. त्यातूनच विकायचे, त्यातूनच भाजीला फोडणी, आणि हाती आलेले प्रत्येक नाणे आपलेच. त्या नाण्यांतून बायकोला, सामाला, पैंजण आले, घराला नवे छप्पर आले. मग बैलाचा खूर चिरला, दोन महिने घाणा बसून राहिला, आणि उरलेसुरले तेही पोटात गेले.

एके सकाळी दवंडी पिटली गेली. शुल्काध्यक्ष चार दिवसांनी तेल्यांच्या आळीत येणार होता.

तेव्हापासून उत्तिय रिकाम्या रांजणात पुन्हा पुन्हा डोकावू लागला. राजाचे किती द्यायचे आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेला आकडा दर घटकेला वाढत होता. दाराशी सावली पडली तरी तो दचके. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटे नाही. एक भिक्षेकरी दारात उभा राहिला, तर राजाचा माणूसच आला असे वाटून हा बैलाच्या आड जाऊन बसला. बैलाने त्याचा खांदा चाटला, तेव्हा हा बैल आता आपला राहणार नाही, या विचाराने त्याला रडू फुटले.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली. पेंडच नसेल तर मोजणार काय? तिन्हीसांजेला त्याने सगळी पेंड गोण्यांत भरली, नदीच्या डोहात नेऊन ओतली आणि हलक्या पायांनी घरी आला. सामाने रिकामा कोपरा पाहिला आणि ती मटकन खाली बसली.

"अहो, हे काय करून बसलात? दोन महिने घाणा बंद होता, ते आता कशावरून दाखवणार? पेंड नाही म्हटल्यावर तो पुऱ्या मोसमाचं तेल धरेल!"

उत्तियाच्या पायाखालची जमीन सरकली. भीतीच्या भरात तो आपलाच साक्षीदार बुडवून आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो बैलाला घेऊन निघाला. कुठे जायचे ते ठरले नव्हते. वेशीपाशी सोमिल तिळाच्या गोणीसह समोरून येत होते. त्यांनी बैलाकडे पाहिले, उत्तियाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सगळे ओळखले.

"पळून किती लांब जाशील?" ते म्हणाले. "तुला राजाचं भय नाहीये, उत्तिया. किती द्यायचंय ते ठाऊक नाही, त्याचं भय आहे. चल, आधी बसून मोजू."

घरी परतून सामासह तिघे ओसरीवर बसले. कोणाचे तीळ गाळले, कोणत्या घरी किती तेल गेले, हे सामाला पाठ होते. ती सांगत गेली आणि सोमिल खडे मांडत गेले. खड्यांची रास लहान नव्हती. पैंजण मोडूनही निम्मीच फिटली असती. तरी त्या राशीकडे बघता बघता उत्तियाचा चेहरा निवळला.

"एवढंच?" तो म्हणाला. "मी तर याच्या तिप्पट धरून बसलो होतो."

"आता हे तूच सांगायचं," सोमिल म्हणाले. "त्यांनी विचारायच्या आधी."

शुल्काध्यक्ष आला. त्याने काही विचारण्याआधीच उत्तिय पुढे झाला. "स्वामी, राजाचा हिस्सा मी खर्चून बसलो. पेंड भ्यालो म्हणून डोहात टाकली. दोन महिने घाणा बंद होता, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही."

"मग पुऱ्या मोसमाचा हिस्सा आणि वर दंड," शुल्काध्यक्ष म्हणाला. "जमत नसेल तर घाणा आणि बैल विक्रीला निघतील." मग तो सोमिलांकडे वळला. "शेजारी म्हणून घेण्याचा पहिला हक्क तुझा. निम्म्या मोलात मिळेल."

सारी आळी सोमिलांकडे बघू लागली. आळीत घाणे दोनच होते, तेव्हा दुसरा हाती आला की पोतलीचे सगळे तेल सोमिलांचे. उत्तियाने डोळे मिटून घेतले.

"स्वामी," सोमिल म्हणाले, "आधी माझी पेंड बघा. महिन्यामहिन्याचे ढीग वेगळे आहेत. मधले दोन ढीग इतरांच्या दुप्पट आहेत. माझे गिऱ्हाईक तेवढेच, बैल तोच. मग त्या दोन महिन्यांत जादा तीळ आले कोणाचे? याचा घाणा बंद होता म्हणून याची गिऱ्हाइके माझ्याकडे आली. त्यांचा हिस्सा माझ्या रांजणात भरलेला आहे. एकाच तेलाचा हिस्सा राजाने दोनदा का घ्यावा?"

शुल्काध्यक्षाने ढीग मोजवले, रांजण मोजला. शब्द खरा निघाला. बंद महिने वगळले गेले. पेंड बुडवल्याचा दंड मात्र राहिला, आणि राहायलाच हवा होता. पैंजण गेले, बाकीचे पुढच्या मोसमात फेडायचे ठरले, आणि सोमिल जामीन राहिले.

त्या दिवशी बैल जागेवरच बांधलेला राहिला. उत्तिय त्याच्या मानेला मिठी मारून कितीतरी वेळ उभा होता. पुढच्या मोसमात त्याच्या अंगणातही रेघेचा रांजण आला. पुन्हा दवंडी होऊन शुल्काध्यक्ष आला, तेव्हा दार उघडायला तो स्वतः गेला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे ही कथा सांगणाऱ्या भगवंतांनी, त्या जन्माचा आजच्या जन्माशी मेळ घातला. "तेव्हाचा शुल्काध्यक्ष म्हणजे आजचा भिक्षू आनंद. सोमिल मीच होतो. आणि तेव्हाचा उत्तिय आज या सभेत खांबाआड बसला आहे. काही सांगायचे आहे म्हणून तो रोज येतो आणि न सांगताच जातो."

खांबाआडून एक उपासक कापत कापत उठला. शास्त्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने पुसली आणि त्याला तिथे बसवून घेतले. मग ते म्हणाले, "भ्यालेल्याला 'भिऊ नकोस' असे कोणीही सांगतो. त्याच्या शेजारी बसून त्याच्या भयाचे माप काढावे आणि मग त्याची बाजू घेऊन उभे राहावे, याला अभयदान म्हणतात."